ब्रिटिश ब्लूज-रॉकची सुरुवात ऐकायची आहे? तीन संकलनांपैकी कुठलं घ्यावं

क्लॅप्टन, बेक आणि पेज. या तीन गिटारवादकांची नावं एकाच कव्हरवर दिसली की हात आपसूक त्या रेकॉर्डकडे जातो. आरसीए कंपनीने १९७१ साली काढलेली 'गिटार बूगी' ही एलपी याच भरवशावर विकली गेली. तिच्यातलं संगीत काही नवं नव्हतं. इमिजिएट नावाच्या छोट्या ब्रिटिश कंपनीने १९६८पासून 'ब्लूज एनीटाइम' या मालिकेत जे बाहेर काढलं होतं, त्यातलंच निवडून ही एलपी तयार झाली. म्हणून या दोन्हींना मी इथे एकच पर्याय धरतोय. त्याच्यासमोर ठेवतोय ब्लूज गायक आणि बँडप्रमुख जॉन मेयॉलचं 'लुकिंग बॅक' (१९६९) आणि निर्माता माइक व्हर्ननचं 'रॉ ब्लूज' (१९६७).

तिन्हींमधला काळ साधारण १९६४ ते १९६७ हाच. वाजवणारी माणसंही बरीचशी तीच. पण ऐकताना फरक एवढा पडतो की चुकीच्या टोकाने सुरुवात केली तर 'यात एवढं काय आहे?' असं वाटून हे सगळं संगीतच बाजूला पडेल. माझं मत आधीच सांगून टाकतो: पहिल्यांदा 'लुकिंग बॅक', मग 'रॉ ब्लूज', आणि या दोन्हींत रमलात तरच 'गिटार बूगी'. हा क्रम तुमच्यासाठी उलटा का असू शकतो, तेही पुढे येईलच.

थोडी पार्श्वभूमी. साठच्या दशकाच्या सुरुवातीला लंडनच्या आसपास शिकागो ब्लूजचं, म्हणजे अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या ब्लूजच्या शिकागोतल्या विजेच्या गिटारीवरच्या रूपाचं, वेड लागलेली तरुण पोरं बरीच होती. अ‍ॅलेक्सिस कॉर्नर आणि सिरिल डेव्हिस या दोघांनी १९६२ साली ईलिंगमध्ये ब्लूजचा क्लब सुरू केला आणि पुढे नावारूपाला आलेले कितीतरी जण तिथे येऊन गेले. एरिक क्लॅप्टन रिप्लीचा, जेफ बेक वॉलिंग्टनचा, जिमी पेज एप्समला वाढलेला. तिघंही सरे परगण्यातले, वयाने जेमतेम वर्षभराच्या अंतरातले. यार्डबर्ड्स या बँडमध्ये तिघंही वाजवून गेले. मार्च १९६५मध्ये क्लॅप्टन बाहेर पडला, कारण बँड पॉपकडे वळू लागला होता आणि त्याला ब्लूजच वाजवायचं होतं. त्याची जागा पेजला देऊ केली होती. स्टुडिओतली चांगली चाललेली कामं सोडून जायची पेजची तयारी नव्हती, म्हणून त्याने बेकचं नाव सुचवलं. क्लॅप्टन तिथून थेट जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्समध्ये गेला. या तिन्ही संकलनांचे धागे इथून निघतात.

'गिटार बूगी'मधलं क्लॅप्टन आणि पेजचं वादन १९६५च्या उन्हाळ्यातलं आहे. एप्समला पेजच्या घरी दोघं नुसते मजेत वाजवत बसले होते आणि टेपरेकॉर्डर चालू होता. त्यातल्या एका तुकड्याचं नाव 'माइल्स रोड', म्हणजे पेजचं घर ज्या रस्त्यावर होतं तो रस्ता. पेज तेव्हा इमिजिएटसाठी निर्माता म्हणून काम करत होता. कंपनीने या टेपवर हक्क सांगितला आणि त्या बाजारात आणण्याजोग्या व्हाव्यात म्हणून रोलिंग स्टोन्सच्या मंडळींकडून त्यावर मागाहून वाजवून घेतलं: बेसवर बिल वायमन, पियानोवर इयन स्टुअर्ट, हार्मोनिकावर मिक जॅगर. घरगुती टेप अशी विकायला निघालेली क्लॅप्टनला मुळीच आवडली नाही, आणि त्या दोघांच्या मैत्रीत त्यावरून बराच काळ कडवटपणा राहिला.

ही हकीकत माहीत असेल तर ऐकणं बदलतं. 'ड्रॅगिन माय टेल' लावा. दोन गिटारी एकमेकींना सवाल-जवाब करताहेत, त्यात घाई नाही, कुणाला दाखवायचं नाही. बेस आणि पियानो मात्र नंतर आलेत हे कानाला कळतं. गिटार जिथे क्षणभर रेंगाळते तिथे त्यांना थांबता येत नाही, कारण वाजवणारा समोर नाही, फक्त टेप आहे. 'फ्रेट लोडर' आणि 'चोकर' याच जातीचे. क्लॅप्टनचं बोट तेव्हाही तयार होतं, तार ओढून सूर नेमका हवा तिथे नेणं त्याला साधलेलं होतं. पण हे तुकडे कुठेच पोहोचत नाहीत. ब्लूजची नेहमीची बारा बारची (प्रत्येक बार चार मात्रांचा) चौकट सुरू होते, फिरत राहते, मध्येच विरते. मित्राच्या घरी बसून केलेल्या वादनाला पोहोचायचं कुठे असतं? चूक वाजवणाऱ्यांची नाही, तो माल 'तीन महान गिटारवादक' म्हणून खपवणाऱ्यांची आहे.

जेफ बेकचा भाग वेगळा आहे. सिरिल डेव्हिस जानेवारी १९६४मध्ये वारला, आणि त्याच्या ऑल स्टार्स या बँडमधल्या वादकांना घेऊन पेजने काही मुद्रणं केली. त्यात बेक आहे आणि पियानोवर निकी हॉपकिन्स आहे. 'स्टीलिन'मध्ये बेकची स्लाइड, म्हणजे तारांवरून नळी सरकवत वाजवलेली गिटार, ऐकताना सूर कधी नाकातून येतोय असं वाटतं, तर कधी एकदम हसल्यासारखा वर उडी घेतो. विशीतला पोरगा, पण हा बेकच, दुसरा कोणी नाही, हे कळायला वेळ लागत नाही. या संकलनात मला सगळ्यात जास्त आवडतं ते हेच, आणि हॉपकिन्सचा पियानो. एक गोष्ट मात्र नीट ध्यानात घ्या: कव्हरवर तिघांची नावं असली तरी तिघं मिळून एकही तुकडा वाजवत नाहीत. हे तिघं एका मंचावर आले ते थेट १९८३ साली, रॉनी लेन या आजारी संगीतकार मित्राच्या मदतीसाठी रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये झालेल्या कार्यक्रमात.

म्हणून या गटातलं काही घ्यायचंच असेल तर 'गिटार बूगी'पेक्षा 'ब्लूज एनीटाइम' घ्या. त्यात गाणारी माणसं आहेत, इतर बँड आहेत, त्या काळाचा गलबला आहे. टोनी मॅकफी आहे, सॅव्हॉय ब्राउन आहे, पुढे फ्लीटवुड मॅक या बँडमध्ये जाणारा जेरेमी स्पेन्सर आहे, अल्बर्ट ली आहे. तिसऱ्या भागात सांता बार्बरा मशीन हेड नावाचा अल्पजीवी बँड भेटतो, त्यात पुढे डीप पर्पलमध्ये गेलेला जॉन लॉर्ड आणि पुढे रोलिंग स्टोन्समध्ये गेलेला रॉनी वुड एकत्र आहेत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, पेजने निर्मिती केलेली मेयॉल-क्लॅप्टनची १९६५ची दोन गाणी त्यात आहेत: 'आय'म युअर विचडॉक्टर' आणि 'टेलिफोन ब्लूज'. पहिल्यात क्लॅप्टनने फीडबॅकवर, म्हणजे अ‍ॅम्पचा आवाज गिटारीत परत शिरून उठणाऱ्या गुंजेवर, एक सूर लांबवर ताणून धरलाय. हा बिघाड आहे असं समजून इंजिनीअर आवाज खाली ओढू लागला होता, अशी आठवण पेजने पुढे सांगितली आहे. आज जो आवाज रॉक गिटारचा हक्काचा आवाज वाटतो, तो तेव्हा स्टुडिओतल्या जाणत्या माणसालाही दोष वाटत होता. 'टेलिफोन ब्लूज' संथ आहे. मेयॉल एक ओळ म्हणतो, गिटार तिला उत्तर देते, आणि ते उत्तर बोलण्यासारखंच अडखळत, दम घेत येतं. एप्समच्या सगळ्या टेपपेक्षा या एका गाण्यातून क्लॅप्टन जास्त कळतो.

आता 'लुकिंग बॅक'. डेक्का या रेकॉर्ड कंपनीने ऑगस्ट १९६९मध्ये काढलेली ही ११ गाण्यांची एलपी. यातही धंद्याचा हिशेब होता हे नाकारण्यात अर्थ नाही. मेयॉल तेव्हा पॉलिडोर या दुसऱ्या कंपनीकडे गेला होता आणि डेक्काच्या कपाटात त्याची जुनी सिंगल्स पडून होती. फरक असा की ही गाणी जगासमोर ठेवण्यासाठीच तयार झाली होती. ती तेव्हा सुटी सुटी आली, मोठ्या एलपींवर नव्हती, आणि इथे एका ओळीत लागल्यावर त्यातून एक गोष्ट उभी राहिली. मेयॉलच्या बँडमध्ये गिटारीची एक गादीच होती, आणि तिच्यावर एकामागून एक कोण बसलं ते या एका रेकॉर्डवर ऐकू येतं.

सुरुवात १९६४च्या 'मिस्टर जेम्स'पासून. गिटारवर बर्नी वॉटसन, आधी सिरिल डेव्हिसकडे वाजवलेला. मग 'ब्लूज सिटी शेकडाउन'मध्ये रॉजर डीन. दोघंही नीटस वाजवतात, स्वच्छ वाजवतात, आणि गिटार इथे गाण्याच्या मागे उभी आहे. ही दोन गाणी अनेक जण पुढे ढकलतात. कृपया ढकलू नका, कारण त्यांच्यामुळेच पुढचा धक्का बसतो.

पुढचं गाणं 'स्टॉर्मी मंडे'. टी-बोन वॉकरचं मूळ गाणं, १९६६च्या वसंतात लंडनच्या फ्लमिंगो क्लबमध्ये प्रत्यक्ष कार्यक्रमात मुद्रित झालेलं. गिटारवर क्लॅप्टन, बेसवर जॅक ब्रूस, ड्रमवर ह्यूई फ्लिंट. लय संथ, मेयॉल शांतपणे गातोय, आणि गिटारीची पाळी आली की अचानक सगळं भडकतं. क्लॅप्टन संथ लयीच्या पोटात दुपटीच्या वेगाने सुरांचा लोंढा सोडतो, मग एकच सूर पकडून तार इतकी ओढतो की तो तुटतो की काय असं वाटावं, आणि पुन्हा खाली येताना घाईघाईने काही वाक्यं बोलून टाकतो. आवाज जाड आहे, किंचित फाटलेला, पण प्रत्येक सुराला कड आहे. जॅक ब्रूस त्याला नुसती साथ देत बसत नाही, खालून ढकलत राहतो. काही महिन्यांत हे दोघं जिंजर बेकरला घेऊन क्रीम हा बँड काढणार होते. त्या बँडची ठिणगी इथे उघडी दिसते. मुद्रण खडबडीत आहे, स्टुडिओची सफाई शोधू नका. मला विचाराल तर केवळ या साडेचार मिनिटांसाठीही हे संकलन घ्यावं.

क्लॅप्टन १९६६च्या जुलैमध्ये गेला आणि त्याच्या जागी पीटर ग्रीन आला. 'सो मेनी रोड्स' हे शिकागोच्या ओटिस रशचं गाणं त्याने आल्या आल्या, त्याच वर्षी वाजवलं. क्लॅप्टनच्या भडक्यानंतर लगेच हे ऐकलं की दोन माणसांचा स्वभाव कळतो. ग्रीन जागा सोडतो. एक सूर लावतो, त्याला मींड देऊन अर्धवट सोडतो, आणि पुढचा सूर येईल असं वाटतं तिथे गप्प बसतो. तो येतो तेव्हा थोडा उशिरा येतो, आणि नेमका तो उशीरच काळजाला भिडतो. मागे ब्रास वाद्यं मोठ्याने वाजताहेत तरी ती गिटार एकटी वाटते. 'डबल ट्रबल' हेही ओटिस रशचंच गाणं. ते आणि 'इट हर्ट्स मी टू' १९६७च्या एप्रिलमधली, आणि त्यात ड्रमवर मिक फ्लीटवुड आहे. ग्रीन, बेसवर जॉन मॅक्व्ही आणि फ्लीटवुड: त्याच वर्षी जन्माला आलेल्या फ्लीटवुड मॅकचा सांगाडा मेयॉलच्या घरातच तयार झाला. 'सिटिंग इन द रेन' या दोन्हींपेक्षा हलकं आहे, त्याची लय एकदा कानात बसली की दिवसभर जात नाही.

मग 'सस्पिशन्स'मध्ये मिक टेलर. मेयॉलकडे आला तेव्हा तो १८ वर्षांचा होता. 'लुकिंग बॅक' दुकानात आली त्याच्या दोनच महिने आधी तो रोलिंग स्टोन्समध्ये गेला होता, त्यामुळे तेव्हाच्या ग्राहकाला त्याचं नाव मोठं आकर्षण असणार. पण इथे त्याच्या वाट्याला फार जागा नाही. टेलर ऐकायचा असेल तर १९६७ची 'क्रूसेड' ही मेयॉलची एलपी घ्यावी. शेवटच्या दोन गाण्यांत, 'जेनी' आणि 'पिक्चर ऑन द वॉल'मध्ये, ग्रीन पुन्हा भेटतो, तेव्हा त्याचा स्वतःचा बँड उभा राहिला होता. ती गाणी थोडकी माणसं घेऊन केलेली आहेत, आणि मला ती फार आवडतात.

'रॉ ब्लूज'चा हेतू वेगळा. डेक्काच्या स्वस्त मालिकेतली ही एलपी. माइक व्हर्ननने ब्रिटिश पोरं आणि त्यांचे अमेरिकन गुरू एकाच रेकॉर्डवर आणले. पियानोवाले इथे गिटारवाल्यांच्या बरोबरीचे आहेत: ओटिस स्पॅन, चॅम्पियन जॅक डुप्री, कर्टिस जोन्स. मे १९६४मध्ये लंडनला आलेल्या ओटिस स्पॅनच्या मुद्रणात शिकागो ब्लूजचा दिग्गज मडी वॉटर्स गिटारवर बसला होता आणि शेजारी १९ वर्षांचा क्लॅप्टन. या वेळी क्लॅप्टन जवळजवळ झाकून वाजवतो, आणि तसंच वाजवायला हवं होतं. डुप्रीच्या 'कलकत्ता ब्लूज'मध्ये मात्र त्याला मोकळीक मिळालीय. नाव वाचून भारताचं काही ऐकायला मिळेल अशी आशा ठेवू नका, हा पक्का न्यू ऑर्लीन्सच्या पियानोवाल्याचा ब्लूज आहे.

या रेकॉर्डवरचं खरं रत्न म्हणजे 'लोनली इयर्स' आणि 'बर्नार्ड जेन्किन्स'. मेयॉल आणि क्लॅप्टन, दोघंच. व्हर्ननने स्वतःच्या पर्दा या चिमुकल्या लेबलसाठी ही जोडगाणी एकच मायक्रोफोन लावून मुद्रित केली आणि १९६६मध्ये त्यांच्या फक्त ५०० प्रती काढल्या. शिकागोच्या पन्नासच्या दशकातल्या रेकॉर्डवरचा तो खोलीभर भरलेला आवाज त्याला हवा होता, आणि तो मिळालाय. हार्मोनिका आणि गिटार एकाच हवेत मिसळतात. एप्समच्या टेपशी याची तुलना आपोआप होते: दोन्हीकडे दोनच माणसं, साधन साधंच, पण इथे काय करायचंय ते ठरवून बसलेत, आणि वरून कुणी काही चढवलेलं नाही. पीटर ग्रीनचं 'ईव्हिल वुमन ब्लूज' आणि स्टीव्ह अँग्लो या टोपणनावाने, करार आडवा आल्यामुळे, वाजवलेला स्टीव्ह विनवुड, हे वरचे लाभ.

'रॉ ब्लूज'चा तोटा एवढाच की त्यात रॉक अजून झालेलं नाही. तो खडखडाट, तो वाढवलेला आवाज ज्याला हवाय त्याला ही रेकॉर्ड मवाळ वाटेल. उलट मुंबईच्या मेहबूब स्टुडिओत २०११पासून भरणाऱ्या महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हलमध्ये बडी गाय या शिकागोच्या गिटारवादकाला ऐकून ज्यांना या संगीताचा नाद लागला, त्यांनी बिनधास्त इथूनच सुरू करावं. क्लॅप्टननेही १९६५मध्ये लंडनच्या मार्की क्लबमध्ये बडी गायला तिघांच्या बँडसह ऐकलं होतं, आणि क्रीमची कल्पना त्याला तिथे सुचली.

गिटार शिकणाऱ्यांना मात्र 'गिटार बूगी'चा उपयोग आहे, आणि म्हणूनच ती मी पूर्ण बाद करत नाही. गाणं मध्ये येत नाही, रचना साध्या, वेग आवाक्यातला, दोन गिटारी वेगळ्या ऐकू येतात. एक मित्र चौकट धरेल, दुसरा वर वाजवेल, असं बसून या तुकड्यांसोबत सराव करता येतो. 'स्टॉर्मी मंडे'सोबत तसं करायला गेलात तर पहिल्या आठवड्यात गिटार भिंतीला टेकेल.

संकलनच हवं असा हट्ट नसेल तर हा सगळा हिशेब बाजूला ठेवून १९६६ची 'ब्लूज ब्रेकर्स विथ एरिक क्लॅप्टन' आधी ऐका. कव्हरवर क्लॅप्टन 'बीनो' हे मुलांचं कॉमिक वाचत बसलाय, म्हणून ती त्याच नावाने ओळखली जाते. निर्माता व्हर्नन, इंजिनीअर गस डजन, वेस्ट हॅम्पस्टेडचा डेक्का स्टुडिओ. लेस पॉल गिटार मार्शल अ‍ॅम्पला लावून क्लबमध्ये वाजवतो तेवढ्याच मोठ्या आवाजात वाजवणार, कमी करणार नाही, यावर क्लॅप्टन अडून बसला आणि स्टुडिओने तो आवाज जसाच्या तसा पकडला. 'हाइडअवे' आणि 'हॅव यू हर्ड' ऐकलं की 'लुकिंग बॅक'ची 'स्टॉर्मी मंडे' त्याच माणसाची दुसरी बाजू म्हणून जास्त उलगडते. दोन्ही घेता आल्या तर उत्तमच.

खरेदीबद्दल एक सावधगिरी. इमिजिएट कंपनी १९७०मध्ये बुडाली आणि तिची मुद्रणं हातोहात फिरत राहिली. तेच दहा-बारा तुकडे वेगवेगळ्या नावांनी, वेगवेगळ्या कव्हरांनी आजही विकले जातात, कधी फक्त क्लॅप्टनच्या नावावर, कधी फक्त पेजच्या. सीडी असो, जुनी रेकॉर्ड असो की स्ट्रीमिंगवरचा अल्बम, गाण्यांची यादी आधी बघा. 'चोकर', 'स्नेक ड्राइव्ह', 'वेस्ट कोस्ट आयडिया', 'माइल्स रोड', 'ट्रिब्यूट टू एल्मोर' ही नावं दिसली तर माल तोच आहे, पुन्हा पैसे घालू नका. 'विचडॉक्टर' आणि 'टेलिफोन ब्लूज' त्या यादीत असतील तर विचार करा, नसतील तर जागेवर ठेवून द्या.